गाईसह पाहणी

धनसिंगशेठ बिल्डरने ग्राहक आयोगात जे लेखी म्हणणं दिलं, त्यातला एक मजकूर असा होता: ‘तक्रारदार यांनी सदर फ्लॅटचा ताबा पूर्वीच घेतला असून तेथे विधिवत वास्तुशांत केली आहे. त्या कार्यक्रमास सामनेवाला स्वतः हजर होते व त्यांनी तेथे भोजन केले आहे.’

अनिरुद्धने ते दोनदा वाचलं. भोजनाबद्दल तरी वाद घालायला जागा नव्हती. शेठने जिलबी मागून घेतली होती. वाढायला अनिरुद्धच होता, आणि आग्रहही त्यानेच केला होता.

"आता हे बघा," म्हणत रेवती वकीलबाईंनी टेबलावरून एक जाडजूड अल्बम सरकवला. वर सोनेरी अक्षरांत ‘शुभ वास्तुशांती’ लिहिलं होतं. "हा त्यांनी पुराव्यात लावलाय. त्यांच्याकडे कसा गेला?"

"आमीच दिला. भेट म्हणून. सोबत नारळ आणि टॉवेल-टोपी."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "केस आपण त्यांच्यावर केलीय ना? एकदा मला खात्री करून घेऊ द्या."

तक्रार तशी साधी होती. अनिरुद्धचे वडील, बंडू गुरुजी, हिंगोलीतल्या एका देवळात पुजारी होते. जन्म सगळा देवळाच्या आवारातल्या एका खोलीत गेला. पुढे विश्वस्तांना तिथे भक्तनिवास बांधायचा होता. त्यांनी गुरुजींना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि खोली मागितली. मग मोंढ्यात हळदीच्या अडतीवर मुनीम असलेल्या अनिरुद्धने कर्ज काढून ‘नीलांबरी हाइट्स’मध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात सूट मिळते, म्हणून फ्लॅट आईच्या, प्रेमाबाईंच्या नावावर. आणि म्हणून आता तक्रारदारही त्याच.

करारात ताब्याची तारीख होती. ती आली आणि गेली. धनसिंगशेठ म्हणायचा, "दिवाळीत देतो." अनिरुद्धने एकदा विचारलं, कोणत्या. शेठला राग आला नाही. त्याला कधीच राग यायचा नाही, हीच त्याच्याशी भांडण्यातली मोठी तकलीफ होती. "अनिरुद्धभाऊ, घर तुमचंच आहे," तो खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "बस, बनना बाकी है."

नीलांबरी हे शेठच्या मुलीचं नाव. पाया भरला त्या वर्षी ती जन्मली. ती रांगायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. हाइट्सला अजून भिंती फुटायच्या होत्या. इकडे अनिरुद्धच्या लग्नासाठीच्या बायोडाटावर ‘स्वतःचा फ्लॅट (काम चालू)’ असं छापलेलं होतं, आणि तो कंस वाचून मुलीकडची माणसं नुसता चहा पिऊन जायची.

"ते सगळं कळलं," वकीलबाई म्हणाल्या. "पण काम चालू असताना वास्तुशांत काहून केली?"

अनिरुद्धने वडिलांपासून सुरुवात केली.

बंडू गुरुजींनी हिंगोलीतल्या निम्म्या घरांच्या वास्तुशांती केल्या होत्या. पण कायम गुरुजींच्या पाटावर बसून. यजमानाच्या पाटावर ते कधी बसले नव्हते, कारण त्या पाटाला आधी घर लागतं. प्रेमाबाईंचंही तसंच. पुजाऱ्याची बायको म्हणून त्यांना गावातल्या प्रत्येक वास्तुशांतीचं आमंत्रण, आणि प्रत्येक ठिकाणी त्या ब्लाउजपीस घेऊन जायच्या. परत यायला काही निमित्त लागतं, ते त्यांच्या घरी नव्हतं. अनिरुद्ध म्हणायचा, आपल्या घरात कापडाची नुसती निर्यात आहे.

मग गुरुजींना दम लागायला लागला. देवळाची पायरी चढताना ते मध्येच थांबायचे आणि आपण कळस बघायला थांबलोय असं दाखवायचे. त्याच वैशाखात त्यांनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, "पुढं अधिक महिना येऊन राहिलाय. मग चातुर्मास. मुहूर्त एवढाच आहे."

"नाना, घर कुठंय पण?"

"घराचं मागं-पुढं होतं. मुहूर्त गेला तर कुठून आणतो?"

दुसऱ्या कुठल्या घरात हे ऐकून मुलाने डोक्याला हात लावला असता. पण ज्या घरात तीन पिढ्या मुहूर्तावर जेवल्या, तिथे हे बोलणं सगळ्यांनाच पटलं. अनिरुद्धने घाबरत घाबरत धनसिंगशेठला विचारलं. शेठला तर आनंद झाला. "मी तर केव्हाचा म्हणतो, घर तुमचंच आहे." त्याने तिसरा मजला झाडून दिला. एवढंच नाही, तर चौकटीशिवाय प्रवेश कसा करणार म्हणून एक सागवानी चौकट आणून उभी केली. दोन्ही बाजूंना विटा रचून तिला टेकू दिला.

चौकट तेवढी होती. तिच्या उजव्या-डाव्या अंगाला काहीच नव्हतं. मोंढ्यातला ट्रक बाजूने आत आला असता. तरी आलेली सगळी माणसं रांग लावून चौकटीतूनच आत गेली, वाकून, कारण तोरण जरा खाली लागलं होतं. पुसेगावचे एक काका गडबडीत बाजूने आले, तर प्रेमाबाईंनी त्यांना परत पाठवलं. "दारातून या," त्या म्हणाल्या. काका मुकाट्याने मागे गेले, चप्पल पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि दारातून आले.

फोटोला कामरान होता, अनिरुद्धचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने मजल्यावर एक फेरी मारली आणि विचारलं, "पश्चिमेला भिंत नाही. सरळ स्टेशन दिसून राहिलंय. चालेल?"

"नाही चालणार," अनिरुद्ध म्हणाला. "अल्बम पुसेगावला आत्याकडे जाणार. ती दर सणाला विचारते, झालं का घर. भिंत नाही हे एका पण फोटोत दिसायला नको."

कामरान कामाला पक्का माणूस. त्याने प्रेमाबाईंच्या जरीच्या साड्या मागून घेतल्या, परांचीच्या बांबूंना ताणून बांधल्या आणि त्यांच्यापुढे फोटो काढले. अल्बम छापून आला तेव्हा अनिरुद्धलाच वाटलं की आपण बंगला घेतलाय. सगळ्यात झकास फोटो चावीचा होता. कामरान म्हणाला होता, शेठ चावी देतानाचा एक पाहिजेच. दाराला फळी नव्हती, फळीला कुलूप नव्हतं. शेठने मागेपुढे न पाहता खिशातून आपल्या सिमेंटच्या गोदामाची चावी काढली आणि प्रेमाबाईंच्या हातावर ठेवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शेठने चावी परत घेतली.

पाटावर गुरुजी आणि प्रेमाबाई बसले. पौरोहित्याला गुरुजींचाच शिष्य चिन्मय. गुरुजी यजमान झाले तरी जुनी सवय जाईना. मध्येच बोट वर करून ते चिन्मयला थांबवत होते, आणि तो बिचारा घाम पुसत मागचं पुन्हा म्हणत होता.

आणि गाय होती. गृहप्रवेशाला गाय हवी हा गुरुजींचा आग्रह. गवळ्याची ती गरीब गाय कठडा नसलेल्या जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत इतक्या सहज चढली की बघणाऱ्यांनी हात जोडले. पंगती उठल्या, भांडी खाली गेली, साड्या सोडल्या, आणि मग कळलं की गाय जिना चढते, उतरत नाही. तिला ओढलं, ढकललं, हिरवा चारा दाखवला. ती हॉल आणि किचनच्या मध्ये जी भिंत होणार होती तिथे बसली आणि रवंथ करू लागली.

शेवटी मजुरांनी वाळू आणि फळ्या टाकून उतरण केली, त्याला काही दिवस गेले. तोवर गुरुजी रोज कडबा घेऊन जायचे. वर चढवत नव्हतं म्हणून ते खाली वाळूच्या ढिगावर बसून मजुरांकरवी पेंडी वर पाठवायचे आणि मान वर करून बघत राहायचे.

"बसली का?" ते विचारायचे.

"बसली, महाराज," वरून उत्तर यायचं.

"राहू द्या. कुणी का होईना, राहिलं तर खरं."

पुढच्या वर्षी गुरुजी वारले, देवळातली खोली सुटल्यावर घेतलेल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यानंतरही दोन दिवाळ्या वाट पाहून अनिरुद्धने आईच्या नावाने तक्रार दाखल केली.

"गाईचा उल्लेख पण आहे," वकीलबाईंनी पान उलटलं. "‘तक्रारदार यांनी सदर फ्लॅटमध्ये जनावर बांधून वापर सुरू केला.’"

"बांधलं नव्हतं. ती स्वतःहून राहिली."

"हे तर आणखी वाईट आहे." वकीलबाईंनी कपाळ चोळलं. "हे बघा, नगरपालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र त्यांनी घेतलेलं नाही. इमारत राहायला योग्य आहे असा तो दाखला. तो नसेल तर कायद्याने ताबा होत नाही. आपला खरा मुद्दा हा. पण हे अल्बमचं असं लोंबकळत ठेवायला मन घेत नाही. मूळ फोटो आहेत का कुणाकडे? भिंत नसल्याचे?"

"कामरानची हार्ड डिस्क गेली. आणि तसा फोटो त्याने काढलाच नाही. मीच सांगितलं होतं, काढू नको म्हणून."

वकीलबाईंनी अल्बमची दोन-चार पानं उलटली. मग म्हणाल्या, "मला सांगा, भिंती नव्हत्या, दार नव्हतं, तर वास्तू होती का? नव्हती. मग जी वास्तूच नाही तिची शांत कशी होईल? म्हणजे झालीच नाही. आईंचं तसं शपथपत्र देऊ. ‘सदर दिवशी वास्तुशांत झालेली नसून तक्रारदार यांनी कुटुंबीयांसह बांधकामाची केवळ पाहणी केली.’"

"आणि गाय?"

वकीलबाईंनी जरा विचार केला. "गाईसह पाहणी."

"होम पेटवला होता."

"थंडी होती का?"

"वैशाख होता."

"मग होमाचं लिहायला नको."

अनिरुद्धला हा सगळा प्रकार फार आवडला. घरी जाईपर्यंत तो स्कूटरवर एकटाच हसत होता. आईलाही हसू येईल अशी त्याची खात्री होती.

प्रेमाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे वास्तुशांत झाली न्हाई, असं लिहायचं?"

"कागदावर फक्त."

"शपथेवर ना पण?"

"व्हय. पण त्यात खोटं काय? भिंत कुठं होती?"

"पाटावर भिंत बसली होती व्हय? आमी दोघं बसलो होतो."

"आई, समजून घे ना. केस हरलो तर त्या घरात परत गायच राहील."

प्रेमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मेथीची एक काडी मोडली, आणि दुसरी. "तुझे नाना त्या दिवशी पहिल्यांदा पाटावर बसले," त्या म्हणाल्या. "नवं धोतर नेसून. रात्री मला म्हणले, दक्षिणा देताना हात कसा करायचा ते मला माहीतच नव्हतं. आयुष्यभर घ्यायचाच हात होता. मी कसं म्हणू, हे झालंच न्हाई?"

इथे थांबायला हवं होतं. पण अनिरुद्धला वकीलबाईंचा मुद्दा पटलेला होता, आणि पटलेला मुद्दा हातात असला की तो कुणावर तरी चालवून बघावासा वाटतो.

"नाना आता नाहीत," तो म्हणाला. "त्यांना काय फरक पडतो? घर तुला पाहिजे ना?"

प्रेमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग मेथीची टोपली बाजूला सारली आणि विचारलं, "सही कुठं करायची?"

कोर्टाच्या आवारात नोटरीने विचारलं, "आजी, वाचून समजलं ना सगळं?" प्रेमाबाई म्हणाल्या, "समजलं." त्यांनी सही केली, डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि घरी येईपर्यंत तो पदराने पुसत राहिल्या.

अनिरुद्धच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं होतं. पुढच्या सोमवारी तो मोंढ्यात निघाला, तर प्रेमाबाई दारात तयार उभ्या. शेजारी पत्र्याची पेटी, पेटीत वास्तुशांतीला आलेले सगळे ब्लाउजपीस.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या. "हे परत द्यायचेत."

"कुणाला?"

"ज्याचे त्याला. वास्तुशांत झाली न्हाई, तर अहेर कशाचा ठेवून घ्यायचा?"

त्याला आधी वाटलं, आई चेष्टा करतेय. चेष्टा करायचं काम घरात त्याचं होतं. आई जे बोलायची ते करायची. एक तोतापरी रंगाचा ब्लाउजपीस त्यांनी शिवून वापरला होता, त्याच्या जागी तसलाच नवा आणायला आधी कापडाच्या दुकानात जावं लागलं. कुणाचा कुठला हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन-तीन दिवस अनिरुद्ध अडतीवरून सुट्टी काढून आईला गावभर फिरवत होता. तो बाहेर स्कूटरवर बसायचा आणि प्रत्येक दारातून तेच बोलणं ऐकू यायचं.

"कमलबाई, हा तुमचा."

"अहो, काय झालं? आमचं काही चुकलं का?"

"न्हाई. आमची वास्तुशांत झाली नव्हती. शपथेवर सांगितलंय मी."

"झाली नव्हती कशी? मी बुंदी वाढायला होते की."

"ती पाहणी होती."

कमलबाईंनी अनिरुद्धकडे पाहिलं. अनिरुद्धने स्कूटरच्या आरशात पाहिलं. काही घरांत तर आणखी घोटाळा झाला. दारी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून बायका ब्लाउजपीस परत घ्यायच्या आणि प्रेमाबाई निघाल्या की दुसरा त्यांच्या हातात ठेवायच्या. मग प्रेमाबाईंना पुन्हा बसून, पुन्हा सगळं समजावून, तोही परत करावा लागायचा. एका ठिकाणी हे तीन वेळा झालं आणि शेवटी दोघीही रडायला लागल्या, पण कशासाठी ते एकीलाही सांगता येईना.

सगळ्यात शेवटी खतीजाबी. कामरानची आई, बांगड्यांचं दुकान चालवायची. तिने ब्लाउजपीस नव्हता दिला, स्टीलचं पातेलं दिलं होतं. त्यातच त्या दिवशी दूध उतू घातलं होतं. प्रेमाबाईंनी पातेलं राखेने घासघासून आणलं होतं, पण बुडाशी करपल्याचा डाग राहिलाच होता.

खतीजाबीने पातेलं उजेडात धरलं. "मैं तो नया दी थी, प्रेमाबाई."

"डाग जात न्हाई. मी खूप घासलं."

"दूध उबाले थे ना इसमें?"

प्रेमाबाईंनी पदराचं टोक डागावरून फिरवलं.

"काय कू झूट बुलाये रे इनसे?" खतीजाबीने अनिरुद्धला विचारलं. आवाज चढवला नाही. बांगड्यांचा भाव सांगावा तसं विचारलं. अनिरुद्धला सांगायचं होतं की वास्तू नव्हती तर शांत कशी होईल. तोंड उघडलं, पण तो मुद्दा इथे निघेना. खतीजाबीने त्याच पातेल्यात चहा ठेवला. तिघांनी तो प्यायला.

परत येताना कयाधूच्या पुलावर प्रेमाबाईंनी गाडी थांबवायला लावली. पिशवीतून पुसेगावहून परत आलेला घरचा अल्बम काढला.

"आई, हा राहू दे."

"जे झालंच न्हाई त्याचे फोटो घरात ठेवायचे, तर मग मी तिथं खोटं बोलले असं होतं. न्हाई का?"

हा मुद्दा त्यानेच घरात आणला होता. प्रेमाबाईंनी निर्माल्य सोडावं तसा अल्बम नदीत सोडला. पण नदीला पाणी घोट्याएवढं, आणि कामरानने चांगल्यातला चांगला प्लास्टिकचा अल्बम दिलेला. तो वाळूला टेकला आणि उघडा पडला. वरून चावीचा फोटो दिसत होता.

"बुडत न्हाई," प्रेमाबाई म्हणाल्या.

मग अनिरुद्ध पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरला. वाळूत जरा खड्डा होता, तिथे अल्बम नेला, मिटला, वर एक दगड ठेवला. पुरेना म्हणून आणखी एक ठेवला. वर येऊन त्याने आईला सांगितलं, झालं. आई म्हणाली, चल.

निकाल उन्हाळ्यात लागला. केस जिंकली. वकीलबाईंनी पेढा दिला आणि आदेशाची प्रत वाचून दाखवली. सामनेवाला यांनी ठरल्या मुदतीत फ्लॅट द्यावा, उशिराबद्दल व्याज द्यावं, मानसिक त्रासाबद्दल भरपाई द्यावी. मध्ये एक परिच्छेद होता: ‘भोगवटा प्रमाणपत्राअभावी कायदेशीर ताबा दिला असे म्हणता येत नाही. सबब, तक्रारदार यांनी वास्तुशांत केली किंवा नाही, या मुद्द्यात जाण्याची आयोगास आवश्यकता वाटत नाही.’

"म्हणजे?" अनिरुद्धने विचारलं.

"म्हणजे ते शपथपत्र नसतं तरी चाललं असतं," वकीलबाई खुशीत म्हणाल्या. "मी म्हणाले होते ना, भोगवट्याचा मुद्दा भक्कम आहे."

घरी त्याने आईला व्याजाचं सांगितलं, भरपाईचं सांगितलं.

"वास्तुशांतीचं काय लिहिलंय?"

त्याला थाप मारता आली असती. पण तेवढं त्याने केलं नाही. तो परिच्छेद जसाच्या तसा वाचला.

प्रेमाबाईंनी हात पदराला पुसले. "म्हणजे झाली म्हणलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या. कुकरची शिट्टी झाली नव्हती.

धनसिंगशेठने फ्लॅट दिला. हसतमुखाने दिला. योगायोगाने दिवाळीच होती. "बोललो होतो ना," तो म्हणाला. या वेळी चावी खरी होती आणि ती कुलपाला लागली. "वास्तुशांत कधी, माताजी? आम्ही येणार बरं का."

"करायची न्हाई," प्रेमाबाई म्हणाल्या. शेठला वाईट वाटलं. खरोखरच वाटलं, त्याला जिलबी आठवली असावी. चिन्मय मुहूर्त काढून द्यायला आला होता, त्यालाही त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. पाटावर बसणारं दुसरं माणूस आता नव्हतं. आणि पहिली वास्तुशांत तर झालीच नव्हती. सामान टेम्पोतून आलं, हमालांनी चढवलं. प्रेमाबाई चौकटीतून आत आल्या. चौकट तीच होती, आता तिच्या दोन्ही अंगांना भिंती होत्या. उजवा पाय आधी टाकला की डावा, हे अनिरुद्धने मुद्दाम पाहिलं नाही.

राहायला लागून थोडे दिवस झाले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की नानांचा त्या दिवसाचा एकही फोटो घरात नाही. एक अल्बम पुसेगावहून परत येऊन कयाधूत गेला होता. उरला एकच, तो धनसिंगशेठने पुराव्यात लावलेला. अनिरुद्धने आयोगात रीतसर अर्ज केला, नकलेची फी भरली. त्याला अल्बम मिळणार नव्हता, त्याची झेरॉक्स मिळाली. काळी-पांढरी, आणि प्रत्येक पानावर गोल शिक्का. शिक्का मारणाऱ्याने कुणाचं तोंड झाकलं जाणार नाही याची काळजी घेतली होती, त्यामुळे तो बहुतेक ठिकाणी गाईवर पडला होता.

प्रेमाबाईंनी चष्मा लावून पानं पाहिली. पाटावरच्या फोटोशी थांबल्या.

"हे बांबू कसे काय दिसून राहिले?"

अनिरुद्ध वाकला. रंगीत फोटोत साड्यांच्या जरीत डोळे अडकायचे. झेरॉक्समध्ये जर गेली, रंग गेला, आणि मागच्या उन्हाने साडीवर पडलेल्या परांचीच्या सावल्या तेवढ्या राहिल्या. उभे बांबू, आडवे बांबू, सुतळीच्या गाठीसुद्धा. मागे भिंत नव्हती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. कागदपत्रांत हे पहिल्या दिवसापासून पडलेलं होतं. वास्तुशांत झाली, आणि भिंत नव्हती, अशा दोन्ही गोष्टी तो फोटो एकदमच सांगत होता. कुणी बघितलंच नव्हतं, कारण सगळे तो भुलवायला काढलाय असं धरून चालले होते.

फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. गुरुजी मात्र चिन्मयकडे, बोट वर करून.

"चिन्मयचा मंत्र चुकलेला दिसतो," अनिरुद्ध म्हणाला.

"मंत्र न्हाई. दिवा विझत होता, त्या अंगाच्या वाऱ्यानं. हे म्हणले, थांब, आधी दिवा. मग मी पदर धरला." त्यांनी फोटोच्या कडेला बोट ठेवलं. तिथे शिक्क्याच्या बाजूला पदराचं टोक आणि बांगड्यांचा अर्धा हात दिसत होता. "होम होईस्तोवर तसाच धरून बसले होते. हात भरून आला होता नुसता."

अनिरुद्धला यावर काहीतरी बोलता आलं असतं. एरवी तो बोललाच असता.

"लावू का भिंतीला?" त्याने विचारलं.

"केस पुन्हा उघडणार न्हाई ना?"

"न्हाई उघडत."

"मग लाव."

तो खिळा आणायला उठला. धनसिंगशेठच्या भिंतीत खिळा ठोकला की गिलावा पडतो, हे त्याला आठ दिवसांतच कळलेलं होतं. तरी त्याने पश्चिमेच्या भिंतीला खिळा ठोकला. गिलावा पडला. प्रेमाबाई सुपली घेऊन आल्या आणि खाली पडलेली भिंत तिच्यात भरू लागल्या.